कांद्याने पाडलं की रडारडीने? (लोकसभा २०२४)

निफाडकर: काल इथे एकाने लिहिलंय की महायुती ४८ पैकी १७ वर आली ती निव्वळ सहानुभूतीमुळे, शिवसेना-राष्ट्रवादी हे पक्ष फुटले म्हणून लोक हळहळले, कांदा वगैरे बहाणे आहेत. अहो शेठ, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा ट्रॅक्टरमध्ये भरलेला होता, लिलाव बंद पडले आणि दोन आठवड्यांत भाव निम्म्यावर. मे मध्ये बंदी उठवली तीपण ४० टक्के शुल्क लावून. आमच्या नाशिकच्या दिंडोरीत भाजपच्या, तेव्हा केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार काय सहानुभूतीने पडल्या?

पार्लेकर: मग जळगाव, रावेर भाजपकडे कसं राहिलं? आणि बीड-जालन्यात कुठला कांदा? तिथे मराठा आरक्षणाचा जरांगे फॅक्टर होता.

निफाडकर: जळगावला केळी अन् कापूस. आणि बीडच्या आष्टीत कांदा होत नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला, दादरच्या मंडईने?

तात्या सातारकर: कांदा सोडा, पिपाणीचं बोला! शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि तसंच वाटणारं नुसत्या पिपाणीचं चिन्ह अपक्षाला. साताऱ्यात भाजपचे उदयनराजे ३२ हजारांनी आले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजार मतं. आमची आई मतदान करून आली, म्हणे दाबली बरं का तुतारी. म्हटलं वाजवणारा माणूस होता का चित्रात? तर म्हणे, माणूस कशाला असेल, तुतारी सांगितली होतीस ना!

पार्लेकर: वा, जिंकलात की जनता शहाणी, हरलात की चिन्ह चुकलं. दिंडोरीत पिपाणीला लाखावर मतं जाऊनही पवारांचे भास्कर भगरे लाखाने आलेच की.

तात्या सातारकर: तिथे पिपाणीवाल्याचं आडनावपण भगरेच होतं, हा योगायोग का? जरा लाज ठेवा बोलताना.

पार्लेकर: मशीनवर फोटो असतो. लाज कुणाची काढताय?

वऱ्हाडी पोट्टा: फोटो काय दिसते म्हाताऱ्या माणसाले! अन् सोयाबीनचं कोणीच बोलत नाही बावा. तवा हमीभाव क्विंटलले ४६०० होता, व्यापारी तेवढाही देत नव्हता. विदर्भात महायुतीच्या हातून १० पैकी ७ जागा उगाच नाही गेल्या.

पार्लेकर: बरं बाबा, कांदा होता, सोयाबीन होतं, मान्य. पण महायुती आणि महाविकास आघाडीच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता हेपण लिहा. आणि आमच्या शेजारच्या मुंबई वायव्य मतदारसंघात महायुतीचे रवींद्र वायकर ४८ मतांनी आले, त्याला कुठली भाजी जबाबदार?

निफाडकर: भाजीच दिसणार तुम्हाला. वीसचा चाळीस झाला की तुमच्या बातम्या सुरू होतात आणि आमची निर्यात बंद.

तात्या सातारकर: पिपाणीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.