वाफसा की क्षेत्रक्षमता?

भाषांतरवाली: ठिबक सिंचनावरची पुस्तिका मराठीत करतेय. 'फील्ड कपॅसिटी'ला मी 'वाफसा' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'क्षेत्रक्षमता' केलं. शेतकऱ्याला यातून काय कळणार? 'विल्टिंग पॉइंट'लाही, म्हणजे मुळांना मातीतलं पाणी ओढता येईनासं होतं त्या टप्प्यालाही, शब्द हवाय.

काळंरान: शब्द रुक्ष आहे, पण 'वाफसा' खोडला ते बरोबरच. जादा पाणी निथळल्यावर मातीने धरून ठेवलेलं पाणी म्हणजे फील्ड कपॅसिटी. ते मोजता येतं. वाफसा म्हणजे औत घालण्याजोगं रान. भारी जमिनीत निथळून झालं तरी फाळाला चिखल लडबडतो. मी मूठभर माती दाबून बघतो. बोटांना चिकटली तर थांबायचं. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, की वाफसा.

बागाईतदार: द्राक्षबागेत औताचा काय संबंध? मुळांपाशी ओल हवी आणि हवाही खेळायला हवी, त्याला आम्ही रोज वाफसाच म्हणतो. वापरात आहे तोच अर्थ खरा.

जुनीपोथी: मुळात शब्द 'वापसा' आहे. संस्कृत 'वप्' म्हणजे पेरणे. पेरण्याजोगं रान तो वापसा.

काळंरान: पाऊस उघडून ऊन पडलं की रानातून वाफ निघते, ती कधी पाहिलीत का? त्यावरून वाफसा. माझे वडील तर वाफसा आला की 'घात आली' म्हणायचे.

जुनीपोथी: आमच्या अख्ख्या गावात 'प'च म्हणतात.

भाषांतरवाली: आणि विल्टिंग पॉइंट?

बागाईतदार: 'ओल तुटली' लिहा.

काळंरान: नको. ओल तुटणं म्हणजे वरची ओल खालच्या ओलीपासून सुटणं. पाऊस झाला की ओलीला ओल भिडते, त्याच्या उलट. विल्टिंग पॉइंट धरतात १५ बार ताणाला; ताण म्हणजे माती पाणी किती जोराने धरते ते, आणि बार हे त्याचं माप. तेव्हाही काळ्या मातीत पाणी असतं, पण माती ते इतकं घट्ट धरते की मुळांना ओढता येत नाही. मुरमाड रान मुळात पाणी कमी धरतं, पण त्यातलं बरंचसं देऊन टाकतं. म्हणून 'धरलेलं पाणी' आणि 'मिळणारं पाणी' हे दोन शब्द पुस्तिकेत वेगळे हवेतच.

भाषांतरवाली: मग 'कोमेजबिंदू'?

बागाईतदार: पिकं दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात, तेही कोमेजणंच. रात्रभरातही सावरत नाहीत, त्याला वेगळा शब्द हवा.

जुनीपोथी: 'वाफा' हा शब्दही 'वप्'वरूनच आलाय, हे कुणी लक्षातच घेत नाही.