ट्रेंड आधी ओळखून डोमेन घेणं: अक्कल की मटका?

शिवारगप्पा

परवा भाच्याचा फोन. "मामा, डोमेनचा सेल लागलाय. पुढे-मागे एआय जोडून तीस नावं घेऊन टाकतो. पाच वर्षांनी एकेक लाखाला जाईल." मी म्हटलं, एक घे आणि बाकीच्या पैशात स्कूटरचे टायर बदल. तेव्हापासून अबोला आहे. म्हणून इथे लिहितोय.

माझं खतं-औषधांचं दुकान आहे, नाशिककडे. डोमेनचा, म्हणजे वेबसाइटची नावं आधी घेऊन ठेवायची आणि नंतर विकायची याचा नाद २०१३ पासून, फावल्या वेळातला. माझं म्हणणं असं, की येणारा ट्रेंड ओळखता येतो, पण बातम्या वाचून नाही. बातमी आली म्हणजे एसटी फलाटावरून सुटली, आपण फक्त धूळ खायची.

फसलेला आणि जमलेला, माझे दोन्ही अनुभव एकाच वर्षातले. २८ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकने कंपनीचं नाव मेटा केलं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून मी ४१ नावं घेतली. मेटाशेती, मेटाबाजार, काय वाट्टेल ते. सरासरी ८०० रुपयांनी ३२,८०० झाले. नाव टिकवायला दर वर्षी पैसे भरावे लागतात; पुढच्या वर्षी हे नूतनीकरण ११०० च्या दराने, म्हणजे आणखी ४५,१००. विकलं गेलं एक, सहा हजाराला. बाकीची सोडून दिली. बायको अजून त्या रात्रीला 'तुमची मेटाजागर' म्हणते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राचे ड्रोनचे नवे नियम आले. पण त्याच्या आधीच एका आठवड्यात तीन द्राक्षवाल्यांनी दुकानात मला विचारलं होतं, "ड्रोनची फवारणी एकरी कितीला करतात हो?" मी त्या दिवशी ड्रोन आणि फवारणी हे दोन शब्द जोडून चार नावं घेतली. चार का, तर रोमनमध्ये फवारणी कशी लिहायची यावर महाराष्ट्रात एकमत नाही. कोणी 'एफ' ने, कोणी 'पीएच' ने, मधला 'व' कोणाचा 'व्ही' तर कोणाचा 'डब्ल्यू'. दोन वर्षांनी निफाडकडच्या एका पोराचा फोन आला. त्याने पिकअपवर नाव आधीच रंगवून घेतलं होतं, 'एफ' आणि 'व्ही' वालं. नाव माझ्याकडे. ३५ हजारांत दोन दिली. 'पीएच' वालंही घे म्हटलं, तर म्हणाला, "पीएच कोण लिहितं हो, काका?"

तेव्हा माझी कसोटी ही: शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी आलाय का, आणि त्या धंद्यातल्या माणसाकडे पाटी रंगवायला पैसे आहेत का. मेटाशेतीची पाटी कोण रंगवणार होतं?

हिशोबतपासनीस

असहमत. लेख मस्त, हिशोब कच्चा.

या धंद्यातले जुने लोकच सांगतात की वर्षाला शंभरातली एक-दोन नावं विकली जातात. समजा कोणाकडे २०० नावं आहेत आणि वर्षाला प्रत्येकी १२०० रुपये भरतोय. झाले दोन लाख चाळीस हजार. विकली गेली तीन. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला प्रत्येक नाव ८० हजाराला जायला हवं. तुमचा ३५ हजारांचा विजय या गणितात तोटा आहे. शिवाय ते पोरगं तुम्ही ओळखलेल्या ट्रेंडमुळे आलं की तीन गिऱ्हाइकांच्या योगायोगामुळे, हे एका सौद्यावरून कसं ठरवणार?

आणि हे वर्षाचं भाडं वाढतंच. डॉट कॉमचा घाऊक दर (नावं विकणाऱ्या कंपन्यांना पडणारा) २०२१ च्या सुरुवातीला ७.८५ डॉलर होता, सप्टेंबर २०२४ पासून १०.२६. वर रुपयाची घसरण आहेच.

एआयच्या लाटेत बिनजोखीम कमावलं कोणी? अँग्विलाने. कॅरिबियनमधलं १६ हजार वस्तीचं बेट. देशाची खूण म्हणून डोमेनच्या शेवटी लागणारी दोन अक्षरं वाट्याला आली ती 'एआय'. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि २०२३ मध्ये त्यांना नोंदणीतून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, सरकारच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा. कमीत कमी दोन वर्षांचे पैसे एकदम भरायला लावतात. लग्न मोडो की टिको, बँडवाल्याची बिदागी आधीच खिशात. आपण सगळे नवरदेव.

काळा_कोट

पैशांचं सोडा. मूळ धागाकर्त्याने एक गोष्ट शिताफीने बाजूला ठेवलीय: ट्रेंड ओळखणं आणि दुसऱ्याच्या नावावर टपून बसणं यातली रेघ.

जिओहॉटस्टारचं आठवा. दिल्लीच्या एका तरुणाने २०२३ मध्ये बातम्या वाचून अंदाज बांधला. जिओने सावन घेतलं तेव्हा जिओसावन झालं, हॉटस्टार घेतलं तर जिओहॉटस्टार होईल. नाव घेऊन टाकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये साइटवर पत्र लावलं की माझी केंब्रिजची फी भरा, नाव घ्या. कंपनीने फी भरली नाही, कायद्याचा बडगा दाखवला. नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेलं, त्यांनी ते फुकट देऊ केलं. १४ फेब्रुवारी २०२५ ला सेवा सुरू झाली ती अगदी त्याच नावाने. भविष्य अक्षरशः खरं ठरलं, आणि भविष्य सांगणाऱ्याची फी तशीच राहिली.

हे नवीन नाही. १९९९ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेच रेडिफच्या बाजूने निकाल दिला होता, समोरच्याने एक अक्षर बदलून 'रॅडिफ' घेतलं होतं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेनलाही व्यापारचिन्हासारखंच संरक्षण मिळू शकतं. कोर्टाबाहेर १९९९ पासूनच डोमेनच्या तंट्यांसाठी आंतरराष्ट्रीय लवाद आहे. नाव मिळतंजुळतं, तुमचा त्यावर हक्क नाही, आणि घेतलंत-वापरलंत वाईट हेतूने, या तिन्ही गोष्टी तक्रारदाराने सिद्ध केल्या की नाव गेलं.

आणि फवारणीसारखा साधा शब्द घेतला तरी ती साठेबाजीच. कांद्याची केली की धाड पडते, शब्दाची केली की 'गुंतवणूक'.

शिवारगप्पा

हिशोबतपासनीस, २०० नावं ठेवणाऱ्याचं गणित बरोबर आहे. माझ्याकडे आता २६ आहेत. मेटाजागरानंतर अक्कल आली, ती फुकट आली नाही हे कबूल.

वकीलसाहेब, कांदा नासतो आणि लोकांना तो लागतोच. डोमेन नाही मिळालं तर दुसरं घेता येतं. ब्रँडच्या नावाला मी हात लावत नाही, व्यापारचिन्हांच्या सरकारी साइटवर शोधल्याशिवाय एक रुपया भरत नाही. पण साध्या शब्दात पाप काय? चॅट डॉट कॉम घ्या. २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरच्या वर देऊन एका उद्योजकाने घेतलं, ते ओपनएआयला विकल्याचं पुढच्या वर्षी समोर आलं. कोणी कोर्टात गेलं नाही.

काळा_कोट

दीड कोटी डॉलर खिशात असतील तर मलाही ट्रेंड दिसतील.

ठाणेवाली

तुमच्याच वाक्यावर बोट ठेवते, शिवारगप्पा: 'नाही मिळालं तर दुसरं घेता येतं.' हेच तुमच्या धंद्याचं दुखणं आहे.

मी दिवाळीचा फराळ परदेशी पाठवते. चार वर्षांपूर्वी मनातलं नाव शोधलं तर कोणीतरी घेऊन बसलेलं. पानावर फक्त 'हे नाव विकणे आहे'. विचारलं, दोन लाख म्हणाला. माझी त्या वर्षीची चकलीची भाजणीसुद्धा एवढ्याची नव्हती! नावापुढे 'किचन' जोडलं आणि ९०० रुपयांत मोकळी झाले. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरून येतं, इन्स्टावरून येतं. नाव टाइप करून आलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

त्याने ट्रेंड बरोबर ओळखला होता हो. परदेशी फराळ खरंच वाढला. पण ज्याच्यासाठी थांबला होता ती मी, बाजूच्या गल्लीतून निघून गेले. दोन वर्षांनी सहज पाहिलं तर नाव मोकळं पडलं होतं. तोवर माझी खोकी छापून झालेली, म्हणून नाही घेतलं.

बे_एरियातला_बाळ्या

ठाणेवालीला +१. इकडच्या एका सहकाऱ्याने २०१५ च्या शेवटी चार अक्षरी डॉट कॉम घेतली होती. तेव्हा चिनी गुंतवणूकदारांची लाट होती. स्वर नको, 'व्ही' नको, बाकी कुठलीही चार अक्षरं चालतील. अर्थ शून्य, आणि दर आठवड्याला भाव वर. घेणारा प्रत्येकजण पुढच्या घेणाऱ्यासाठी घेत होता, दुकान कोणालाच काढायचं नव्हतं. २०१६ मध्ये भाव उतरले. त्याचा मुलगा ती अक्षरं वायफायच्या पासवर्डला वापरतो.

गोदाकाठ

शिवारगप्पांची कसोटी मला पटते, पण अर्धी. शब्द तोंडी असून भागत नाही. बाळासाहेब ठाकरे १९८८ पासून संभाजीनगर म्हणत होते. शब्द लोकांच्या तोंडी पस्तीस वर्षं होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मान्यता आली. मधल्या काळात कोणी नाव धरून बसला असता तर नूतनीकरण भरूनच म्हातारा झाला असता. आणि अधिकृत नाव रोमनमध्ये २४ अक्षरांचं. हॉटेलवाला ते कार्डावर छापणार की 'संभाजीनगर' एवढंच, की सरळ आधीचंच ठेवणार? शब्द कळला तरी त्याचं कुठलं रूप टिकेल ते कळत नाही. तुमचं 'पीएच' तेच सांगतंय.

अवांतर: २०१४ मध्ये डॉट भारत देवनागरीत आलं तेव्हा भाषाप्रेमापोटी मी एक नाव घेतलं होतं. मित्राला मेलवर पाठवलं तर त्याच्याकडे एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांपुढे गिचमिड उमटली. त्याने व्हायरस समजून उडवलं.

शिवारगप्पा

ठाणेवाली, तुमचा अनुभव मला लागला, खरंच. मी दोन लाख कधी मागत नाही, ते याचमुळे. समोरच्याला 'किचन' जोडायचा विचार सुचायच्या आत सौदा व्हायला हवा. गोदाकाठ, रूप कुठलं टिकेल याला माझ्याकडेही उत्तर नाही. म्हणून तर चार घेतली होती. दुकानाच्या पाट्या, पिकअपच्या मागचं रंगकाम, कृषी प्रदर्शनातली पत्रकं बघत फिरतो. रंगाऱ्याचा कल आधी कळतो, गूगलचा नंतर.

पण एकाच गोष्टीवर अडून आहे: भाच्याची तीस आणि माझी चार यात फरक आहे. त्याला विचारलं, घेणारा कोण? म्हणाला, "कोणीतरी घेईलच की." माझ्या डोळ्यांसमोर ते तीन द्राक्षवाले होते.

हिशोबतपासनीस

त्या तिघांपैकी एकाने तरी घेतलं का?

शिवारगप्पा

नाही.

ठाणेवाली

आणि ते 'पीएच' वालं? सोडलंत ना?

शिवारगप्पा

काल मुदत संपत होती. भरले पुन्हा एका वर्षाचे.