ट्रक कॅम्परच्या मागे ट्रेलर ओढायचाय, हिच एक्स्टेन्शन कोणतं घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या एक टनी पिकअपवर (मागे एकेरी चाकं, व्हीलबेस 160 इंच) कॅम्पर (राहण्याची खोली) बसवलेला आहे. आता त्याच्यामागे दोन मोटरसायकलींचा बंद ट्रेलर जोडायचाय. भरल्यावर त्याचं वजन 4,500 पौंड आणि टंग वेट, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा हिचवर पडणारा भार, 500. अडचण अशी की कॅम्परची मागची भिंत रिसीव्हरच्या (ट्रकमागची, हिच ज्यात शिरते ती चौकोनी नळी) 40 इंच बाहेर येते, त्यामुळे हिच तितकी मागे नेणाऱ्या 48 इंची एक्स्टेन्शनशिवाय गत्यंतर नाही.

गेल्या आठवड्यात एका मित्राकडून साधं, एका नळीचं एक्स्टेन्शन आणलं आणि रिकामा ट्रेलर लावून हळूच चक्कर मारली. स्पीडब्रेकरवरून जाताना मागच्या कॅमेऱ्यात हिचचा बॉल (ज्यावर ट्रेलर टेकतो तो गोळा) चांगलाच वर-खाली हलताना दिसला. घरी येऊन एक्स्टेन्शन अडकवणारी पिन काढली, तर भोकाची कड घासून चकचकीत झालेली आणि रिसीव्हरच्या तोंडाशी रंगाचे पापुद्रे सुटलेले. ते त्याच दिवशी परत केलं.

मग कागद घेऊन बसलो. नेहमीच्या जागी बॉल मागच्या एक्सलपासून 50 इंचांवर असतो, एक्स्टेन्शन लावलं की 98 इंचांवर. 500 गुणिले 98 भागिले 160, म्हणजे पुढच्या एक्सलवरून सुमारे 306 पौंड उचलले जातात आणि तेही मागे येऊन पडतात. टंग वेट धरून एकूण 806. एक्स्टेन्शन नसतं तर हाच आकडा 656 आला असता. वजनकाट्यावर माझा मागचा एक्सल कॅम्पर, पाणी, सामान, माणसं सगळं धरून 6,300 भरला आणि दाराच्या स्टिकरवर मर्यादा 7,000 आहे. म्हणजे नुसत्या लांबीमुळे मी मर्यादेबाहेर जातोय! एक्स्टेन्शनचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही.

मोटरसायकली मागे सरकवून टंग वेट कमी कर, असं एकाने सुचवलं. मला ते अजिबात पटत नाही. ते एकूण वजनाच्या 10 टक्क्यांखाली गेलं की ट्रेलर डोलायला लागतो, आणि बॉल एक्सलपासून जितका लांब तितका तो डोल ट्रकला जास्त ओढतो. एअर बॅग्जही (मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) सुचवल्या गेल्या. त्यांनी ट्रकची मागची बाजू उचलली जाईल, पण एक्सलची मर्यादा तीच राहणार.

सध्या मन टॉर्कलिफ्ट कंपनीच्या सुपरहिचकडे झुकतंय. एकावर एक दोन रिसीव्हर आणि दोन्हींत शिरणारं छपराच्या कैचीसारखं एक्स्टेन्शन, त्यामुळे ते वर-खाली हलणं तरी थांबावं. पण एक्सलवरचा भार त्याने कमी होत नाही. त्यासाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच (स्प्रिंगसारख्या बारांनी भार वाटून देणारं) लावून थोडं वजन पुन्हा पुढे आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलावं असा विचार आहे.

ज्यांनी खरंच इतक्या लांब एक्स्टेन्शनवर वेट डिस्ट्रिब्युशनचे बार लावलेत, त्यांनी कृपया सांगा: बार लावण्याआधी आणि नंतर काट्यावर मागच्या एक्सलचे आकडे किती आले? आणि सेफ्टी चेन तुम्ही एक्स्टेन्शनला अडकवता की लांब करून थेट ट्रकच्या रिसीव्हरपर्यंत नेता? ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी) मी ट्रकलाच बांधणार आहे, कारण एक्स्टेन्शनच निसटलं तर त्यावर बांधलेली केबल ओढलीच जाणार नाही. वळताना ट्रेलरचा कोपरा कॅम्परच्या शिडीला लागतो का, तेही कुणी मोजलं असेल तर नक्की लिहा.