मदत हवी आहे: आयर्लंडमधल्या कॅरन पॅरिशची दुष्काळाआधीची लोकसंख्या

मंडळी, काउंटी क्लेअरमधल्या कॅरन पॅरिशची (पॅरिश म्हणजे काउंटीचा एक छोटा विभाग) माहिती जमवतोय. सगळा बरेन नावाचा चुनखडीचा भाग, इथला टर्लो तर कमालच, हिवाळ्यात जमिनीखालून पाणी वर येऊन मोठं तळं होतं आणि उन्हाळ्यात त्याच जागी गुरं चरतात. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात यातली कुठली टाउनलँड (पॅरिशमधला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग) ओस पडली ते शोधायचंय. ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन (करासाठी केलेली जमीन-घरांची जुनी मोजदाद), १९०१ आणि १९११ ची जनगणना ऑनलाइन बघून झाली पण ते सगळं दुष्काळ सुरू झाल्यानंतरचं, आणि १८४१ च्या जनगणनेचे बहुतेक मूळ फॉर्म १९२२ मध्ये डब्लिनच्या आगीत गेले, फार वाईट वाटतं. मला नावं नकोत, टाउनलँडवार घरं आणि माणसं हवीत, सिव्हिल म्हणजे सरकारी नोंदींतल्या पॅरिशची, कॅथलिक चर्चच्या पॅरिशची नव्हे. डब्लिनला जाणं शक्य नाही. १८५१ च्या जनगणनेच्या छापील अहवालात १८४१ चे आकडेही शेजारी दिलेत, त्यातल्या क्लेअरच्या तक्त्यांचं नीट वाचता येईल असं स्कॅन फुकट कुठे मिळेल?