जुन्या बाजारातला आखूड सोटा: फिजीचा ‘उला’ की दुसरंच काही?

पेठेतला_भिंगवाला
जुन्या बाजारात ‘आफ्रिकन दंडुका’ म्हणून ठेवलेला एक सोटा घेतला आहे. लांबी ४१ सेंमी. डोकं गोल, ९.५ सेंमी व्यासाचं, त्यावर सोललेल्या मोसंबीसारख्या उभ्या फोडी कोरलेल्या. दांडा २.८ सेंमी जाड, मुठीवर बारीक नागमोडी कोरीवकाम. वजन ५९० ग्रॅम. रंग गडद तपकिरी. मुठीच्या टोकाला दोन बारीक भोकं आहेत, त्यातून पिठासारखा भुसा पडतो. फिजीचा ‘उला’ असेल का? जुना की पर्यटकांसाठी बनवलेला? भुशाचं काय करू? पॉलिश अजून मारलेलं नाही.

सुरूबन
पॉलिश मारू नका. जवसाचं तेलही नको, ते कालांतराने चिकट काळा थर होऊन बसतं आणि मग निघत नाही.

वर्णनावरून ‘उला तवातवा’ वाटतो, म्हणजे फोडी असलेल्या डोक्याचा, फेकून मारायचा सोटा. गुळगुळीत डोक्याचा असतो तो ‘उला द्रिसिआ’. योद्धे हे कंबरपट्ट्यात खोचून नेत, बऱ्याचदा जोडीने. आफ्रिकन म्हणून विकला जाण्याचं कारण दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचा गोल डोक्याचा सोटा. पण त्याचा दांडा सहसा याहून बराच लांब आणि सडपातळ असतो, आणि मुठीवर असं दाट कोरीवकाम नसतं.

आता वजनाचा हिशोब. डोकं पूर्ण गोल धरलं तर साधारण ४५० घनसेंमी, फोडींमधल्या खाचांचे चाळीसेक वजा करा. उरलेला साडेएकतीस सेंमी दांडा १९० च्या आसपास. एकूण ६०० घनसेंमी, वजन ५९० ग्रॅम, म्हणजे घनता जवळपास १. सागवान असतं तर सोटा चारशे ग्रॅमच्या आसपास भरला असता. एवढं जड लाकूड म्हणजे फिजीतलं ‘नोकोनोको’ असण्याची शक्यता बरीच. आपल्या कोकण किनाऱ्यावरचं सुरू ते हेच. अर्थात वजनावरून लाकूड कळतं, वय नाही.

खाचखळगे
वयासाठी दहापट भिंग घ्या आणि विजेरी बाजूने आडवी धरा.

पहिल्यांदा मूठ बघा. वापरलेल्या उलाच्या कोरीवकामाचे उंचवटे हाताने झिजून गोल झालेले असतात, खाचांत मळ घट्ट बसलेला असतो. ही झीज एकसारखी नसते; जिथे तळवा टेकतो तिथे जास्त. नकली मालात सगळ्या खाचा एकाच खोलीच्या, कडा धारदार, आणि तळाशी रंग साचून सुकलेला दिसतो. एकमेकांना समांतर बारीक ओरखडे म्हणजे सँडपेपर. लोखंडी हत्याराच्या खुणा दिसल्या म्हणून लगेच नकली ठरवू नका. एकोणिसाव्या शतकात बेटांवर लोखंड पोचलंच होतं. उलट ‘दगडी हत्याराने कोरलेला’ असं विक्रेता छातीठोकपणे सांगतो तेव्हा किंमत फुगवायची असते.

मग मान बघा. खरा उला झाडाच्या बुंध्या-मुळाच्या गाठीतून काढलेला असतो, त्यामुळे डोक्यात लाकडाचे रेषे भोवऱ्यासारखे वळलेले दिसतात. डोक्यात रेषे सरळ असतील किंवा मानेपाशी सांधा दिसला, तर संशय घ्या.

शेवटी ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी. लाख चढवली असेल तर नारिंगी चमक दिसेल. ती नंतर कुणी चढवलेलीही असू शकते, तेवढ्यावर वस्तू नकली ठरत नाही.

एक अवांतर: हलका म्हणजे नकली, हा नियम उलाला ठीक, सगळ्यांना नाही. फिजीचा ‘कियाकावो’ नाचात वापरतात, तो मुद्दाम हलका असतो. आणि पूर्ण अंगभर चौकोनी पट्ट्यांत कोरीवकाम, मधूनच एखादी छोटी मानवाकृती असं काही दिसलं, तर आधी फिजीशेजारच्या टोंगा बेटांचा विचार करा. बाजारात हे दोन्ही ‘फिजी’ म्हणूनच खपतात.

वाळवीवैद्य
भुशाबद्दल. पिठासारखा मऊ भुसा आणि दीड-दोन मिलिमीटरची भोकं म्हणजे पोखरकिडा. जिवंत आहे का ते आधी ठरवा: भोकं ब्रशने साफ करा, सोटा काळ्या कागदावर ठेवा, हलवू नका. काही दिवसांत ताजा फिका भुसा पडला तर आत अळी आहे. जुना भुसा धक्क्यानेही गळतो.

जिवंत असेल तर जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून सीलबंद करा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव थेट लाकडावर बसतं. रॉकेल, डिझेल, भोकात इंजेक्शन, हे काही नको. डांबरगोळ्यांनी आतली अळी मरत नाही.

मात्र दात, हाड, शिंपला असं काही जडवलेलं असेल तर फ्रीजर नको. तपासून सांगा.

पेठेतला_भिंगवाला
आहे. डोक्याच्या माथ्यावर मटारएवढा पिवळसर तुकडा बसवलेला आहे. मला राळ वाटली होती.

खाचखळगे
तापलेली सुई लावून बघा असं कुणीतरी सांगेल. लावू नका, कायमचा डाग पडतो. भिंगातून बघा. बारीक काळे ठिपके-रेघा म्हणजे हाड. एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या कमानींची जाळी म्हणजे हस्तिदंत. चकचकीत आवरण आणि दाढेसारखे उंचवटे असतील तर माणसाचा दात. मारलेल्या शत्रूचा दात असा जडवायची रीत फिजीत होती. जाळी नाही, ठिपके नाहीत, नुसते सलग थर दिसले तर व्हेलचा दात असू शकतो. व्हेल किंवा हत्ती निघाला तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो, तेव्हा विक्रीची जाहिरात टाकण्याआधी वनविभागाला लेखी विचारा. सोटा शंभर वर्षांहून जुना ठरला तर तो परदेशी लिलावाला पाठवण्याचंही डोक्यातून काढा, पुरावस्तू कायद्याने ते बंद आहे.

वाळवीवैद्य
मग फ्रीजर रद्द, प्राणवायू काढून घ्यायचा. साधं पॉलिथिन हवा झिरपू देतं. ॲल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घ्या. पिशवीत ५ लिटर हवा उरली तर त्यात प्राणवायू साधारण १ लिटर. म्हणजे ५०० सीसीच्या दोन ऑक्सिजन शोषक पुड्या हिशोबाने पुरतात, पण चार टाका. पुड्या गरम होतात, त्या सोट्याला टेकू देऊ नका. आत प्राणवायू दाखवणारी रंग बदलणारी गोळी ठेवा आणि चार आठवडे तसंच राहू द्या. गोळीचा रंग मध्येच बदलला तर सील गळतंय. नवी पिशवी, नव्या पुड्या, आणि चार आठवडे पुन्हा पहिल्यापासून.