टॅरोवर बेतलेला कॅरेक्टर क्लास: कॅट मध्येच पिसायचा की नाही?

हुकूमपान

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या आरपीजीच्या (पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या) फिफ्थ एडिशनसाठी मी ‘द्रष्टा’ नावाचा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, लिहितोय. मोजून मंत्र वापरायचे स्पेल स्लॉट नाहीत, मंत्रांची वही म्हणजे स्पेलबुक नाही. त्याची सगळी ताकद टॅरोच्या पत्त्यांत. खेळाडूपुढे मेजर आर्कानाची, म्हणजे टॅरोतल्या मुख्य चित्रांची, २२ पानं, खरीखुरी, टेबलावर पालथी. लाँग रेस्टनंतर (पात्राच्या रात्रभराच्या विश्रांतीनंतर) तीन पानं हातात घ्यायची, त्यापुढे बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) खर्चून हवं तेव्हा आणखी एक ओढायचं. ‘सन’ खेळला की जखमा भरतात, ‘हँग्ड मॅन’ खेळला की शत्रू हवेत उलटा लटकतो. खेळलेलं पान सगळ्यांना दिसेल असं उताणं ठेवायचं.

टॉवर, डेथ, डेव्हिल आणि मून ही चार जड पानं मात्र हातात ठेवता येत नाहीत. ओढली की तिथल्या तिथे लागू. टॉवर आला की तीस फुटांतली सगळी चालू जादू कोसळते, शत्रूची आणि आपलीही.

माझा हट्ट एकाच नियमासाठी आहे: बावीसच्या बावीस पानं संपेपर्यंत कॅट पिसायचा नाही. फाशाला मागचं काही आठवत नाही. वीस पैलूंचा फासा वीस वेळा टाकला तरी एकदाही वीस न पडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. कॅटाचं तसं नाही. टॉवर अजून पडला नाही म्हणजे तो खाली आहेच आणि येणारच. डोळ्यांपुढे आणा: सहा पानं उरलीत, टॉवर बाकी आहे, विझार्डने (जादूगाराने) ‘फ्लाय’ हा उडवणारा मंत्र धरून ठेवलाय आणि आपला फायटर दरीवर अधांतरी आहे. हातात कामाचं एकही पान नाही. ओढायचं का? हा प्रश्न टेबलावरच्या प्रत्येकाला पडतो, आणि त्यासाठी गेम मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला) एक शब्दही बोलावा लागत नाही. दर वेळी पिसलं की हे सगळं गेलं. उरतो तो नुसता चित्रं चिकटवलेला फासा.

जुना_विझार्ड

कल्पना देखणी आहे, पण यासाठी अख्खा क्लास कशाला? २०१४च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये डिव्हिनेशन विझार्डला (भविष्य पाहणाऱ्या जादूगाराला) ‘पोर्टेंट’ ही शक्ती आहेच. लाँग रेस्टनंतर दोन वीस-पैलू फासे टाकून आकडे लिहून ठेवायचे आणि दिवसभरात आपल्या किंवा दिसणाऱ्या कुणाच्याही रोलऐवजी वापरायचे. भविष्य आधीच माहीत असणं म्हणजे हेच की. दोन ओळींचा नियम आहे, खेळ अडत नाही.

तुमच्या क्लासला २२ परिणाम लागणार. उलटी पानं (पान उलटं आलं की अर्थ वेगळा) धरली तर ४४. नवा खेळाडू पान ओढणार, मग तक्ता शोधणार, तोवर बाकीचे चौघे बसून राहणार. लढाईत एकेक पाळी आधीच लांबते. टॅरोची हौस असेल तर पोर्टेंटचे आकडे पत्त्यांवर लिहा.

हुकूमपान

पोर्टेंट मला आवडतं, पण त्यात धोका कुठे आहे? एक पडला तर तो शत्रूच्या माथी मारायचा, वीस पडला तर स्वतःला ठेवायचा. दोन्हीकडून फायदाच. ज्या भाकितात स्वतःचं नुकसान होऊच शकत नाही, ते मला भाकीत वाटत नाही. वेळेचं म्हणाल, तर प्रत्येक परिणाम पत्त्याएवढ्या कार्डावर दोन वाक्यांत बसला पाहिजे, ही अट मी घातली आहे. न बसणारा परिणाम बाद.

नकाशेवाली

मला मोठी अडचण वेगळीच दिसते. तुमच्या नियमांत भोक आहे. हवं तेव्हा ओढता येतं ना? मग मी छावणीत, सगळे झोपलेले असताना, एकेक पान ओढत बसेन. टॉवर तिथे कोसळला तर कुणाचं काय बिघडतं? जड पानं अशी सुरक्षित जागी संपवायची आणि लढाईला फक्त चांगली पानं घेऊन जायचं. कुठलाही हुशार खेळाडू दुसऱ्याच सेशनला हे करेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. न पिसण्याचा तुमचा नियम त्याला मदतच करतो.

हुकूमपान

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मग पान ओढणं फक्त लढाईतच ठेवायचं: इनिशिएटिव्ह (लढाईच्या सुरुवातीला पाळ्या ठरवणारा फासा) टाकला की तीन पानं, पुढे बोनस ॲक्शनने एकेक.

नकाशेवाली

भोक बुजलं, पण क्लास लंगडा झाला. द्रष्टा म्हणवणाऱ्याला शांततेच्या वेळी काहीच दिसत नाही? दरबारातली बोलणी, खुनाचा तपास, अनोळखी जंगलातली वाट या सगळ्यात तो काय करणार? पत्ते पाहण्यासाठी लोक ज्याच्याकडे येतात, त्याने नेमके तेव्हाच पत्ते खिशात ठेवायचे, हे मला पटत नाही.

पेल्यांची_राणी

मी टॅरो वाचते आणि आरपीजीही खेळते, म्हणून दोन गोष्टी. डेथ म्हणजे मरण नव्हे. एक पर्व संपून दुसरं सुरू होणं. त्या पानाने थेट हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारे आकडे) कापू नका. पान ओढणाऱ्याची सर्वांत मोठी चालू शक्ती संपवून त्याला दुसरी द्या. आणि उलटी पानं वगळू नका, अर्धा अर्थ तिथेच असतो.

पवित्र गोष्टीचा खेळ केला, असं कुणी म्हणायच्या आधी सांगते: टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो हुकूम आणि हात करण्याच्या खेळासाठीच. त्यावरून भविष्य सांगायची प्रथा रुजली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. फ्रान्समध्ये आजही तो पत्त्यांचा खेळ म्हणून खेळला जातो.

मायनर आर्काना, म्हणजे टॅरोतली उरलेली साधी पानंही घ्या ना. छड्या, पेले, तलवारी, नाणी, प्रत्येकी १४ पानं. १९०९च्या संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी या साध्या पानांवरही पूर्ण प्रसंग रंगवले आहेत. त्यांतून कितीतरी सुचेल.

हुकूमपान

डेथचं तुम्ही सांगितलेलं तसंच्या तसं घेतो. ७८ पानं मात्र नकोत. एका सेशनमध्ये साधारण पाच पानं गेली, तर २२चा कॅट चार-पाच सेशनमध्ये तळाला जातो. ७८चा जायला पंधरापेक्षा जास्त लागतील. तोवर टॉवरची भीती कुणाला उरणार? ताण येतो तो कॅट पातळ होताना दिसतो म्हणून.

मास्टरच्या_खुर्चीतून

माझा विरोध मूळ कल्पनेलाच आहे. ‘डेक ऑफ मेनी थिंग्ज’ हा जादूचा कॅट या खेळात १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीपासून आहे, आणि ‘व्हॉइड’ पान निघालं की पात्राचा आत्मा कुठल्यातरी वस्तूत अडकतो, शरीर निकामी पडून राहतं. मग मी तयार केलेली सगळी गोष्ट बाजूला आणि पुढचे महिने त्या आत्म्याचा शोध. पण ती एक जादूची वस्तू आहे, ती द्यायची की नाही हे मी ठरवतो. इथे तोच धोका एका खेळाडूच्या क्लासमध्ये कायमचा येऊन बसतो. आणि टॉवरने क्लेरिकचं (पुजारी पात्राचं) ‘ब्लेस’, म्हणजे सोबत्यांना दिलेला आशीर्वाद, कोसळलं, तर किंमत क्लेरिकने मोजली. त्याने हा क्लास निवडला नव्हता.

नकाशेवाली

क्लेरिकचा मुद्दा मला पटतो, आणि त्याच्यासकट वरची अडचणही सुटेल असं वाटतं. लढाईबाहेर द्रष्ट्याने पान ओढायचं नाही, पण वरची तीन पानं पाहायची. क्रम न बदलता परत ठेवायची. पाहिलेलं सोबत्यांना सांगायचं की नाही, हे त्याच्यावर. आता टॉवर तिसरा आहे हे कळलं, तर क्लेरिक ‘ब्लेस’ टॉवर पडेपर्यंत राखून ठेवेल. तो आंधळेपणी फसणार नाही. दरबारातही द्रष्ट्याला काम मिळालं: समोरच्या सरदारासाठी पानं पाहिली आणि वर डेव्हिल निघाला, तर गेम मास्टरने त्याबद्दल एक खरी गोष्ट सांगायची.

जुना_विझार्ड

पण मग टॉवर तिसरा आहे हे माहीत असलेला खेळाडू त्या लढाईत तिसरं पान ओढेलच कशाला?

नकाशेवाली

इनिशिएटिव्ह टाकला की तीन पानं घ्यावीच लागतात. लढाई टाळली तरच टॉवर टळतो, तोही पुढच्या लढाईपर्यंत.

मास्टरच्या_खुर्चीतून

हे चालेल. म्हणजे मलाही आधी कळेल आणि तयारी करता येईल. तरी जड पानं चारऐवजी दोनच ठेवा, टॉवर आणि डेथ. बावीसात चार म्हणजे जवळजवळ प्रत्येक सेशनला एक, ते फार होतं.

हुकूमपान

डेव्हिल आणि मून हातात घेता येतील असे करतो, पण खेळताना खेळणाऱ्यालाही त्यांची झळ लागेल. उलट्या पानांवर पेल्यांची राणी यांच्याशी अजून वाद घालायचा आहे. ४४ परिणाम मला नकोच आहेत. वरची तीन पानं पाहायची सोय पहिल्याच लेव्हलला द्यावी की तिसऱ्या, यावर मतं द्या.