सेलरी: एकाच रिमाइंडरचे सात-आठ एसएमएस जातायत

दवाखाना_ॲप:
मंडळी, दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं ॲप आहे. जँगो (वेब फ्रेमवर्क), सेलरी (मागची कामं रांगेतून करून घेणारं साधन), ब्रोकर म्हणजे रांग सांभाळायला रेडिस, ती कामं करणारे दोन वर्कर. अपॉइंटमेंट नोंदवली की रिमाइंडरचा टास्क ईटीए (कधी चालवायचा ती वेळ) देऊन रांगेत टाकतो. तासाभराच्या आतला रिमाइंडर असेल तर एकच एसएमएस जातो. आदल्या रात्री नोंदवलेल्यांना मात्र सकाळी एकाच मिनिटाला सात-आठ. रिट्राय (फसलं की पुन्हा प्रयत्न) बंद आहे, लॉगमध्ये टास्क आयडी सगळीकडे तोच. पेशंट डॉक्टरांना फोन करतात, डॉक्टर मला.

झटपट:
रेडिस काढा, रॅबिटएमक्यू हा दुसरा ब्रोकर टाका. विषय संपला.

रात्रपाळी:
संपत नाही हो. वर्करकडून टास्कची पोच यायला ३० मिनिटांच्या वर लागली की हल्लीचं रॅबिट चॅनलच (वर्करशी असलेली जोडणी) तोडतं. तिथे वेगळी रडकथा.

दवाखानावाले, 'तासाभराच्या आतला' यातच उत्तर आहे. ईटीएचा टास्क वर्कर लगेच उचलतो आणि वेळ होईपर्यंत मेमरीत धरून बसतो, पोच देत नाही. रेडिसवर व्हिजिबिलिटी टाइमआउट (पोचेची वाट बघायची मुदत) मुळात ३६०० सेकंद, म्हणजे एक तास असतो. तेवढ्यात पोच आली नाही की वर्कर मेला असं समजून तोच टास्क पुन्हा रांगेत येतो. दर तासाला एक प्रत वाढते आणि वेळ झाली की सगळ्या एकदम सुटतात.

टाइमआउट २४ तास केलात तर जादा एसएमएस थांबतील. पण वर्कर खरंच अचानक गेला, तर त्याच्या हातातली कामं परत यायला तेवढाच वेळ लागेल. मला तो सौदा परवडत नाही.

माझ्या मते लांबचं वेळापत्रक रांगेत ठेवूच नये. रिमाइंडरचं टेबल करा: कधी पाठवायचा, पाठवला का. सेलरी बीट (ठरल्या वेळी कामं रांगेत टाकणारा भाग) दर मिनिटाला एक टास्क टाकेल आणि वर्कर वेळ झालेल्या ओळी उचलेल. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर सिलेक्ट फॉर अपडेट (उचललेल्या ओळीला कुलूप), सोबत स्किप लॉक्ड (कुलूपबंद ओळी सोडून पुढे). म्हणजे दोन वर्कर एकाच ओळीवर तुटून पडणार नाहीत.

आणि पीडीएफ-बिडीएफ बनवत असाल तर त्यांची रांग वेगळी, वर्करही वेगळा, प्रीफेच मल्टिप्लायर (वर्करच्या प्रत्येक प्रोसेसमागे किती कामं आधीच उचलून ठेवायची) १. मुळातला ४ ठेवलात तर जड कामामागे बारकी कामं ताटकळतात.

दवाखाना_ॲप:
टेबल पटलं. रद्द झालेल्या अपॉइंटमेंटचं काय? सध्या त्यांचा टास्क रिव्होक (रद्द) करतो, तरी कधीकधी एसएमएस जातोच.

रात्रपाळी:
रिव्होकची यादी वर्करच्या मेमरीत असते. स्टेट-डीबीची फाइल (ती यादी डिस्कवर जपणारी) दिली नसेल आणि सगळे वर्कर एकदम रीस्टार्ट केले, तर यादी पुसली जाते. डिप्लॉयच्या (नवा कोड चढवण्याच्या) दिवशीच होतंय का बघा. टेबल आलं की ओळीवर 'रद्द' लिहा, रिव्होक हवाच कशाला.

दवाखाना_ॲप:
डिप्लॉयच्या दिवशीच! बीट दोन्ही सर्व्हरवर लावू ना?

रात्रपाळी:
एकाच. दोन बीट म्हणजे प्रत्येक काम दोनदा रांगेत.